मन्मथअप्पांचा गर्डर

नांदेडच्या एमआयडीसीत एक खासगी लॅब आहे, तिथं मी सोळा वर्षं लोखंड तोडतो. हजेरीपटावर 'वरिष्ठ तंत्रज्ञ' असं लिहिलेलं असलं तरी काम तोडण्याचंच. कुणाच्या पुलाचं, कुणाच्या पाण्याच्या टाकीचं, कुणाच्या शाळेचं लोखंड येतं. मी त्याचा तुकडा लेथवर कातून गुळगुळीत कांडी करतो, मशीनच्या दोन जबड्यांत धरतो आणि तुटेपर्यंत ओढतो. किती जोर लागला ते लिहितो आणि खाली सही ठोकतो: व्यंकटी हनवते. हिमायतनगरकडं गावी माझी आई भामाबाई लोकांना सांगते, की आमचा व्यंकटी लोखंडाचा डॉक्टर आहे. मी तिचा गैरसमज दूर करत नाही.

चार वर्षांपूर्वी वरून एक परिपत्रक आलं. लोखंडी सांगाड्याच्या ज्या इमारतीत माणसं झोपतात आणि खाली स्वयंपाकही होतो, तिथलं लोखंड आगीत टिकणारं हवं आणि तसा तपासणीचा दाखला दर्शनी भागात लावायला हवा. परिपत्रक काढणाऱ्याला लातूर माहीत असावं. तिथं डॉक्टर व्हायला राज्यभरातून पोरं-पोरी येतात, आणि त्यांना ठेवायला दोन परीक्षांच्या मधल्या सुट्टीत चार-चार मजले उभे राहतात. सिमेंटला वाळायला वेळ लागतो. लोखंडाचे खांब-गर्डर नटबोल्टांनी जोडले, की जूनच्या ॲडमिशनला इमारत तयार.

आता थोडं लोखंडाबद्दल सांगतो, कारण सगळी भानगड त्यातच आहे. साधं लोखंड सहाशे अंशांपर्यंत तापलं, की त्याची निम्म्याहून जास्त ताकद जाते. ते वितळत नाही, लोकांचा तसा उगाच समज आहे. ते नुसतं लेचंपेचं होतं, आणि वर चार मजले असताना तेवढं पुरतं. आगीत टिकणाऱ्या लोखंडाची अट अशी, की सहाशे अंशांनासुद्धा त्याची दोन तृतीयांश ताकद शिल्लक राहिली पाहिजे. तेवढ्या वेळात माणसं जिने उतरून बाहेर येतात. त्यासाठी लोखंडात शेकडा अर्धा भाग मॉलिब्डेनम घालतात, जवळपास तेवढंच क्रोमियम, आणि निओबियम तर नावापुरतं. लोखंड तापलं की आतल्या कणांचे थर एकमेकांवरून घसरायला लागतात. मॉलिब्डेनमचा कण लोखंडाच्या कणापेक्षा जाड असतो. एसटीत तिघांच्या बाकावर एखादा धिप्पाड गडी मधोमध बसला, की बाकीच्यांना हलता येत नाही, तसा तो अडून बसतो. निओबियम कार्बनला धरून अतिशय बारीक खडे तयार करतं, आणि चाकाला दगड लावावा तसे ते खडे घसरणाऱ्या थरांना अडवतात. माणसांचा जीव त्या शेकडा अर्ध्या भागावर असतो.

पहिला नमुना आला तेव्हा मी खूश झालो होतो. मॉलिब्डेनम ०.५२, क्रोमियम ०.४७, निओबियम ०.०२३. सहाशे अंशांवर ओढला, तर दोन तृतीयांशच्याही वर टिकला. मराठवाड्यात असलं उंची लोखंड येऊन राहिलं, हे मी घरी जाऊन बायकोला, अंजूला, कौतुकानं सांगितलं. तिनं 'बरं' म्हटलं आणि भाजी ढवळली.

दुसरा नमुना आला, तिसरा आला, चौथा आला. गाव वेगळं, ठेकेदार वेगळा, मालक वेगळा. आकडे तेच: ०.५२, ०.४७, ०.०२३. एकाच कारखान्यातलं लोखंड असलं तरी प्रत्येक भट्टीला आकडे थोडे इकडंतिकडं होतातच. इथं शेवटच्या आकड्यापर्यंत काही हलत नव्हतं. मग एक दिवस सहाव्या नमुन्याच्या टोकाला मला पिवळ्या रंगाची अर्धी खूण दिसली. पाचव्याचा उरलेला तुकडा कपाटात होता, तो काढून मी त्याच्या टोकाला लावून बघितला. खूण पुरी झाली. बाण होता. पाचवा नमुना उदगीरच्या एका वसतिगृहाचा होता आणि सहावा रेणापूरच्या.

मी दोन्ही तुकडे घेऊन लॅबचे मालक सोमेश सर यांच्या केबिनमध्ये गेलो. सर वयानं माझ्यापेक्षा लहान, पण त्यांना सर म्हटलेलं आवडतं. त्यांनी तुकडे बघितले, बाण बघितला, माझ्याकडं बघितलं.

"व्यंकटीभाऊ, तुम्ही लई खोलात जाता," ते म्हणाले. "आपण काय तपासतो?"

"लोखंड."

"लोखंड न्हाई. नमुना. हे वाचा."

त्यांनी रिपोर्टच्या तळाची ओळ दाखवली. मी सोळा वर्षांत ती कधी वाचली नव्हती, कारण ती वाचायला भिंग लागतं. 'सदर निष्कर्ष केवळ सादर केलेल्या नमुन्यापुरते मर्यादित आहेत.'

"नमुना पास हाय का?"

"हाय."

"मग यात खोटं कुठं हाय, सांगा."

मी कागदावर खोटं शोधलं. खरंच सापडेना. आकडे माझे होते, तापमान बरोबर होतं, शिक्का सरळ उमटला होता. मी सही केली. त्यानंतर सातव्यावर केली, आठव्यावर केली, आणि मग सवय झाली.

चौदा नमुने झाल्यावर एका कामासाठी मला लातूरला जावं लागलं. तिथं कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, की तपासणीपुरतं लोखंड मन्मथअप्पांकडं मिळतं, आणि माझ्या पायांनी मला एमआयडीसीतल्या त्यांच्या गोडाऊनकडं नेलं. अप्पा साठीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढराशुभ्र शर्ट. लोखंडाचे जुने व्यापारी, शिवाय तीन वसतिगृहांचे मालक. मी नाव सांगताच ते खुर्चीतून उठलेच.

"हनवते? व्यंकटीराव हनवते? अहो कवा आलाव? बसा की! तुमची सही आमच्याकडं देवाच्या वर लावलीय."

असं कुणी माझ्यासाठी उठलं नव्हतं. लॅबमध्ये येणारा ठेकेदार मला 'ओ मामा' म्हणतो. अप्पांनी चहा मागवला, स्वतःच्या हातानं बशी पुढं केली आणि मग मला आत नेलं. लाकडी ओंडक्यांवर ताडपत्री पांघरून एक गर्डर आडवा ठेवला होता. अप्पांनी ताडपत्री बाजूला सारली. बाजूवर पिवळे बाण होते, आणि एक टोक करवतीनं ताजं कापलेलं.

"चाळीस फूट व्हता," अप्पा म्हणाले. "एका मोठ्या कारखान्याच्या कामात ज्यादा झाला, लिलावात मला घावला. अस्सल माल. आता वीसेक फूट ऱ्हायलाय. तपासणी आली की लोक येतेत. अप्पा, हातभर द्या. मी कुणाला न्हाई म्हणत न्हाई. विरजणाला कुणी न्हाई म्हणतंय का?"

"पण अप्पा, बिल्डिंगीत तर दुसरंच लोखंड हाय."

"मग?"

अप्पांना माझा प्रश्नच कळला नाही. मी थट्टा करत नाही, त्यांच्या डोळ्यांत लबाडीचा मागमूस नव्हता. थोडा विचार करून त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तवा कपबशा कुणाच्या व्हत्या?"

मला आठवलं. कपबशा शेजारच्या पोस्टमनच्या घरच्या होत्या. खुर्च्या समाजमंदिरातल्या. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काकांकडून आणून दोन तासांपुरतं टांगलं होतं.

"शेजारच्या," मी म्हणालो.

"मग संसार मोडला का तिचा?"

"न्हाई."

"तपासणी म्हंजे पाहुणेच की वो. पाहुण्यापुढं आपल्या घरातली फुटकी बशी कुणी ठेवतंय का? गावाच्या इज्जतीचा सवाल ऱ्हातो."

"आणि आग लागली तर?"

अप्पा खळखळून हसले. "व्यंकटीराव, आमी लिंगायत. मेल्यावर बी आमाला आग लावत न्हाईत, मातीत बसवतेत. जित्तेपणी कुठून लागंल? बिनघोर ऱ्हावा."

मीही हसलो. चहा चांगला होता, मान मिळाला होता, आणि हसणं सोपं होतं. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते. संध्याकाळच्या गाडीनं मी नांदेडला परतलो आणि दुसऱ्या दिवशी पंधराव्या नमुन्यावर सही केली.

मग माझी मुलगी लुंबिनी दहावीला शाळेत पहिली आली. लातूरच्या एका मोठ्या क्लासची परीक्षा दिली, त्यातही वरचा नंबर लागला आणि फी माफ झाली. तिला डॉक्टर व्हायचंय, लोखंडाचं नव्हे, माणसांचं. क्लासवाले म्हणाले, राहायचं आमच्या यादीतल्या वसतिगृहातच. अप्पांच्या कानावर कुणीतरी घातलं. त्यांचा स्वतःहून फोन आला: "व्यंकटीरावांची लेक दुसऱ्याच्या हॉस्टेलात? शोभतंय का? आमच्या आईच्या नावानं हाय की. तिथं तिच्या खाटंचा मी एक रुपया घेणार न्हाई."

मी तिला सोडायला गेलो. 'मातोश्री शिवम्मा कन्या वसतिगृह', चार मजले, निळी काच, दीडशे मुली. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल. लुंबिनीची खाट तिसऱ्या मजल्यावर, बरोबर स्वयंपाकघराच्या डोक्यावर. दारातून आत शिरलं, की समोरच्या भिंतीवर चकचकीत चौकटीत दाखला लावलेला. अकरावा नमुना. खाली माझी सही.

ट्रंक वर पोचवून मी खाली आलो, तर लुंबिनी त्या चौकटीपुढं चार मुली आणि त्यांच्या आयांना घेऊन उभी. "हे हनवते म्हणजे माझे पप्पा," ती सांगत होती. "आगीत सगळ्यात जास्त टिकणारं लोखंड आहे. पप्पांनी स्वतः तोडून बघितलंय." बिलोलीहून आलेल्या एका बाईनं मला हात जोडले. म्हणाली, "दादा, तुमची पोरगी हितं ऱ्हाती म्हणल्यावर आमाला काय फिकीर न्हाई."

नांदेडला परत येताना मी गाडीत खिडकीशी बसलो होतो. पंचवीस इमारतींवर सही करताना मला जे खोटं सापडत नव्हतं, ते आता समोरासमोर बसल्यासारखं दिसायला लागलं. तिथं माझी पोरगी झोपते. खाली रोज तीन वेळा भट्टी पेटते. त्या लोखंडात मॉलिब्डेनम किती, हे मला न तपासता माहीत होतं.

घाबरलेला माणूस आधी स्वतःपुरतं बघतो, मीही तेच केलं. अप्पांना फोन करून म्हटलं, लुंबिनीला दुसरीकडं हलवू या, तिला त्या खोलीत उकडतं. अप्पांनी मायेनं सात वसतिगृहांची नावं सांगितली, कुठंही सांगा, शब्द टाकतो म्हणाले. सातही ठिकाणच्या दाखल्यांवर माझी सही होती. मीच माझ्या पोरीसाठी लातुरात जागा शिल्लक ठेवली नव्हती.

मग मी शिवम्मा वसतिगृहाविरुद्ध निनावी तक्रार केली. डाव्या हातानं लिहिली आणि विष्णुपुरीला जाऊन पोस्टात टाकली, म्हणजे शिक्का वेगळा पडेल. मला वाटलं, आता कुणीतरी वरिष्ठ येईल, इमारतीचा गर्डर कापेल, खरं बाहेर येईल आणि माझं नाव येणार नाही. आणि खरंच समिती नेमली गेली. समितीनं लातूरला जाऊन पाहणी केली, जेवण केलं आणि 'सदर इमारतीच्या लोखंडाचा नमुना तातडीनं तपासून घ्यावा' असा आदेश काढला. नमुना कुणी सादर करायचा? मालकानं. कुठं तपासायचा? जवळच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये.

आठवड्यानं माझ्या टेबलावर एक तुकडा आला. बाजूवर पिवळा बाण. सोबत अप्पांची चिठ्ठी होती: 'व्यंकटीराव, कुण्या जळक्यानं अर्ज केलाय. आता वीतभरच शिल्लक आहे, जपून तोडा.'

मी जपून तोडला. ०.५२, ०.४७, ०.०२३. सहाशे अंशांवर तो तसाच झुंजला, जसे आधीचे पंचवीस झुंजले होते. इतकं इमानदार लोखंड मी उभ्या जन्मात बघितलं नाही. सोमेश सरांनी रिपोर्ट पुढं सरकवला, आणि मी, अर्ज करणारा जळका, त्यावर सही केली. आता शिवम्मा वसतिगृहाच्या भिंतीवर दोन चौकटी लागल्या. दुसरीवर लाल अक्षरांत 'पुनर्तपासणीत उत्तीर्ण'.

त्याच्या पुढच्या रविवारी मी लातूरला गेलो. रविवार भेटीचा दिवस. पालक डबे, लाडू, धुतलेल्या चादरी घेऊन येतात आणि अंगणात सतरंज्यांवर बसतात. मी ठरवलं होतं, की आज काहीतरी निमित्त काढून लुंबिनीला घरी न्यायची. आई आजारी आहे म्हणायचं, नाहीतर अंजू. नांदेडलाच शिक म्हणायचं. बाकीच्या पोरींचा विचार मी केला नव्हता असं नाही, पण तो मी मागच्या बाकावर बसवला होता.

लुंबिनी आंघोळीला गेली होती. मी वाट बघत जेवणाच्या हॉलमध्ये उभा होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो दादा, जरा हात लावता का?"

धुरपताबाई, तिथल्या मुख्य स्वयंपाकीण, दीडशे पोरींच्या वरणाचं पातेलं सरळ करायला बघत होत्या. मी फडक्यानं एक कडा धरली. गॅसच्या मोठ्या भट्टीवर पातेलं ठेवायचं लोखंडी पट्ट्यांचं तिकाटणं होतं आणि त्याच्या मधल्या दोन्ही पट्ट्या खाली झोळी होऊन लोंबत होत्या.

"हे असं कसं झालं?" मी विचारलं.

"कसं काय, रोजचंच हाय. हे औंदाचं चवथं तिकाटणं. दोन-अडीच महिन्याला वाकतंय. पातेलं तिरपं व्हतंय, मंग येका अंगाला वरण आन् येका अंगाला नुसतं पाणी. पोरी मला नावं ठेवतेत. म्या अप्पास्नी किती बार म्हणलं, ह्ये लोखंड लई नरम हाय. अप्पा म्हणतेत, धुरपताबाई, त्याचा दाखला हाय."

"लोखंड कुठलं हे?"

"ह्याच बिल्डिंगीचं की. बांधून उरलेले तुकडे मागं पडलेत, वेल्डरवाला त्यातलंच कापून देतो."

मी वर बघितलं. भट्टीच्या बरोबर वर, काळा पडलेला, इमारतीचा गर्डर. त्याच ढिगाऱ्यातला. आमच्या लॅबमध्ये नवी कोरी भट्टी आहे, तापमान दाखवणारे लाल आकडे आहेत, आणि त्या सगळ्या थाटानं मी सव्वीस वेळा एका गर्डरची परीक्षा घेतली होती. इमारतीच्या लोखंडाची परीक्षा घेत होत्या एकट्या धुरपताबाई, रोज तीन वेळा, वरणाचं वजन ठेवून. त्यांचा निकाल यंदाच चार वेळा लागला होता आणि तो कुणी विचारला नव्हता. चांगल्या लोखंडालाही जाळात कायम ठेवलं तर कधी ना कधी थकवा येतो, पण ते दोन महिन्यांत असं झोळी होत नाही.

"पप्पा? तुम्ही किचनमध्ये काय करून राहिलात?"

लुंबिनी ओले केस बांधत दारात उभी होती. मी आईच्या आजारपणाचं वाक्य पाठ करून आलो होतो. ते मी बाजूला ठेवलं. मी वाकलेल्या पट्टीकडं बोट दाखवलं, मग वर गर्डरकडं, आणि सगळं सांगून टाकलं. अप्पांचा गर्डर, बाण, पंचवीस इमारती, डाव्या हातानं लिहिलेला अर्ज, सगळं. धुरपताबाईंनी मधेच गॅस बंद केला.

लुंबिनीनं जवळ येऊन ती वाकलेली पट्टी बघितली. मग म्हणाली, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं झाली."

"मी इथं राहायला आले तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग आज सगळ्यांना सांगायला आलात, की मला न्यायला?"

तिच्याशी खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "तुला न्यायला," मी म्हणालो.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सरळ अंगणात गेली आणि सतरंज्यांमध्ये उभी राहून तिनं मोठ्यानं सांगितलं, की सगळ्या पालकांनी कृपा करून स्वयंपाकघरात यावं, काहीतरी बघायचं आहे. चाळीस-पन्नास माणसं आली. मी वाकलेलं तिकाटणं भट्टीवरून उतरवून मधोमध ठेवलं आणि लॅबमध्ये विद्यार्थ्यांच्या सहलीला समजावतो तसं समजावलं. हे लोखंड तेच, वरचंही तेच. यात मॉलिब्डेनम नाही. भिंतीवर जे लिहिलंय ते दुसऱ्याच गर्डरचं आहे, आणि तो गर्डर या इमारतीत नाही, कुठल्याच इमारतीत नाही. तो वीत-वीत करत संपला.

"पण दाखल्यावर सही हाय की," एक गृहस्थ म्हणाले.

"माझीच आहे."

"मग ती खरी, का तुम्ही आत्ता बोलताव ते खरं?"

सही खरी, शिक्का खरा, आकडे खरे, आणि मी खोटा. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अप्पा आले. कुणीतरी फोन केला असणार. त्यांनी तिकाटणं बघितलं, पालकांकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते चिडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

"व्यंकटीराव," ते हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्यांसमोर?"

कुणी हसलं नाही. बिलोलीची ती बाई पुढं झाली. "आज रातच्याला पोरी कुठं झोपतील, त्ये सांगा आधी," ती म्हणाली.

मग कामाला वेग आला. भट्टी आणि गॅसच्या टाक्या आज, आत्ता, इमारतीखालून बाहेर काढा, असं मी सांगितलं. पालकांनीच त्या उचलल्या आणि अंगणाच्या टोकाला लिंबाखाली नेल्या. पातेली, परात, डाळीचे डबे, सगळं हातोहात बाहेर गेलं. दोन मिनिटं तसेच उभे राहिलेल्या अप्पांनीही नंतर एका टाकीला हात लावला. भट्टी गेली म्हणजे धोका गेला असं नव्हतं. वर दीडशे खाटा होत्या, गाद्या होत्या, वायरी होत्या. सगळ्या गर्डरांना आगीपासून वाचवणारा लेप बसेपर्यंत तिथं राहणं ठीक नाही, हेही मी सांगितलं. क्लासचा जुना हॉल सिमेंटचा आहे. तूर्त मुलींना तिथं नेऊ या, असं ठरलं.

काही पालकांना ते पटेना. एक जण म्हणाला, आम्ही पलीकडच्या हॉस्टेलात हलवतो, त्याचा बी दाखला हाय. त्यानं नाव सांगितलं. मी मान हलवली. दुसऱ्यानं दुसरं नाव घेतलं. तेही नको म्हणालो. तिसऱ्याची थोरली पोरगी उदगीरला होती. त्याच्याकडं बघायचं मी टाळलं. नावं येत राहिली आणि मी नाही म्हणत राहिलो, आणि प्रत्येक नाहीनंतर लोक माझ्यापासून थोडे थोडे लांब सरकत गेले.

लुंबिनी पायरीवर बसून तिच्या जीवशास्त्राच्या वहीत लिहून घेत होती. नावं थांबली तेव्हा तिनं मला विचारलं, "किती राहिली?" तिच्या कागदावर सोळा होती. मी उरलेली नऊ सांगितली. तिनं पान फाडून माझ्या हातात दिलं. वर तिनं एवढंच लिहिलं होतं: या इमारतींच्या लोखंडाची तपासणी झालेली नाही.

"आधी मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "मग सही करा."

मी वाचलं. पंचवीस नावं वाचायला फार वेळ लागत नाही. एकेका नावापुढं मी कधी सही केली, त्या दिवशी डब्यात काय होतं, असलं काहीबाही मला आठवत होतं. सही करून कागद मी तिला दिला. तिनं मोबाईलवर त्याचे फोटो काढून पालकांना पाठवले, त्यांनी पुढं धाडले, आणि अर्ध्या तासात अप्पांचा फोन वाजायला लागला तो थांबेना. माझाही वाजत होता. सोमेश सर होते. मी उचलला नाही.

मुली सामान आणायला वर पळाल्या. "तुझी ट्रंक मी आणतो," मी लुंबिनीला म्हणालो आणि जिन्याकडं निघालो.

तिनं मला अडवलं. "माझी खाट तिसऱ्यावर आहे. तिथल्या बाकीच्या मुली आधी उतरू दे. मी सगळ्यात शेवटी निघणार आहे."

"लुंबिनी, ऐक माझं..."

"तुम्ही मला न्यायला आलात ना, पप्पा? मग थांबा इथं."

ती वर गेली. मी जिन्याच्या खाली उभा राहिलो. ट्रंका, गाद्या, बादल्या, पुस्तकांची खोकी उतरायला लागली. बिलोलीच्या बाईची पोरगी उतरली, आईनं तिला पोटाशी धरलं. मी प्रत्येक मुलीचा चेहरा बघत होतो. एकशे बारा झाल्या, एकशे तेरा झाल्या. लुंबिनी अजून वरच होती.